सकाळी थरथरणारी गाडी आणि खोटं बोलणारा सेन्सर

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे', 'अं' आणि मागे वाजणारा कुकर काढून टाकला आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारला होता. थंडी पडली की हा प्रश्न हमखास येतो. 'दादा, सकाळी गाडी चालू केली की इंजिन थरथरतं, मिसिंग मारते, कधी कधी बंदच पडते. दोन-तीन मिनिटं गेली की एकदम नॉर्मल. गॅरेजला नेली तर तिथे काहीच होत नाही.'

मागच्या हिवाळ्यात आमच्याच घरी हे घडलं. त्यामुळे आज पुस्तकी काही सांगत नाही. आमच्या गाडीचं काय झालं, आम्ही कुठे चुकलो, पैसे कुठे घालवले आणि शेवटी कसं सापडलं, एवढंच सांगतो. यात तुमचा फोन फार कामाला येणार आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आम्ही राहतो पिंपळगाव बसवंतच्या जवळ. निफाड तालुका म्हटलं की महाराष्ट्रातल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, द्राक्षं आणि थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. बागायतदार बागेत शेकोट्या पेटवून बसतात. आई नाशिकला नर्स आहे आणि सकाळची ड्युटी असली की ती पावणेसहाला घरातून निघते. गाडी २०१४ची, पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच.

एक दिवस पहाटे आई मुंबई-आग्रा हायवेवर चढण्यासाठी चौफुली ओलांडत होती. गाडीला घरातून निघून जेमतेम दोन मिनिटं झालेली. अर्ध्या रस्त्यात इंजिनने दोन झटके दिले आणि गाडी बंद. समोरून द्राक्षाच्या क्रेटचा ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला, हॉर्न दाबून ठेवला. आईने सेल्फ मारला, लागली नाही. दुसऱ्यांदा रेस देऊन मारला तेव्हा लागली. तिने आम्हाला हे संध्याकाळी सांगितलं, तेसुद्धा भाजी निवडता निवडता. पप्पा म्हणाले, 'उद्यापासून ही गाडी न्यायची नाही.' दुसऱ्या दिवसापासून आई साडेपाचला थंडीत उभी राहून एसटी पकडायला लागली.

तर गाडी दुरुस्त करायची होती, आणि लवकर.

पहिलं गॅरेज. त्यांनी चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी काढून कार्बन साफ केला. बिल ३,२०० रुपये. खरं सांगायचं तर हे काम चुकीचं नव्हतं. प्लग ४० हजार किलोमीटर चाललेले होते, थ्रॉटल बॉडीही काळी पडली होती. पण पुढच्या सकाळी थरथर तशीच. दुसरं गॅरेज. त्यांनी इंजेक्टर साफ केले, एक इग्निशन कॉइल 'वीक वाटते' म्हणून बदलली. ६,१०० रुपये. थरथर तशीच. तिसऱ्याने स्कॅनर लावला. स्कॅनरमध्ये एकही एरर कोड नाही, चेक इंजिनचा दिवाही कधी लागलेला नाही. मग तो म्हणाला, 'कोड येत नाही म्हणजे ईसीएमच गेलाय. जुना मिळाला तर २२ हजारांत बसवतो.'

इथे मी थांबलो. २२ हजार हा आकडा असा आहे की माणूस आपोआप अभ्यासाला बसतो.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. गाडी तिथे पोचेपर्यंत गरम झालेली असायची. म्हणजे पेशंट ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जायचा. आणि आम्हीही कधी म्हटलं नाही की रात्रभर गाडी ठेवून घ्या आणि सकाळी स्वतः चालू करून बघा. ही आमची चूक. तुम्हाला पहिली गोष्ट सांगायची तर ही. तक्रार थंड इंजिनची असेल तर गाडी रात्रभर गॅरेजला राहू द्या. नाहीतर पहाटे स्वतः व्हिडिओ काढा, ज्यात आरपीएमचा काटा दिसेल आणि इंजिनचा आवाज येईल.

आता थोडं समजून घेऊ की थंड इंजिनला वेगळं काय लागतं. जुन्या गाड्यांत चोक असायचा, तुमच्या आजोबांना विचारा. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. इंजेक्टरने फवारलेलं पेट्रोल थंड भिंतींना चिकटून बसतं, हवेत मिसळत नाही. म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. चोक ओढला की हवा कमी व्हायची, मिश्रण घट्ट व्हायचं. आज हे काम ईसीएम करतो, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. पण त्याला कसं कळणार की इंजिन थंड आहे? त्याला त्वचा नाही. त्याला एक छोटा सेन्सर सांगतो, जो कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट टेंपरेचर सेन्सर. तो म्हणाला नऊ अंश, की ईसीएम भरपूर पेट्रोल देतो आणि आयडलिंग वाढवून बाराशे-पंधराशेवर ठेवतो. इंजिन तापत जातं तसं पेट्रोलही कमी करतो आणि आरपीएमही सात-आठशेवर आणतो. तुमची गाडी सकाळी जरा मोठ्याने घुरघुरते ना, ते यासाठी. तो बिघाड नाही. उलट सकाळी आरपीएम वर जात नसेल तर शंका घ्या.

आणि सुरुवातीच्या त्या काळात ईसीएम अंदाजाने चालतो. सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो सांगतो की पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय. पण तो स्वतः तापल्याशिवाय काम करत नाही. तोवर ईसीएम कोणालाही विचारत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. नंतर ऑक्सिजन सेन्सर जागा झाला की चुका सुधारायला लागतो. म्हणूनच अनेक बिघाड पहिल्या दोन मिनिटांतच दिसतात आणि मग झाकले जातात. बिघाड गेलेला नसतो. कोणीतरी मागून सांभाळून घेत असतं.

हे कळल्यावर मी कागदावर संशयितांची नावं लिहिली. प्लग, कॉइल, इंजेक्टर यांचं झालं होतं. उरलं काय? कुठून तरी चोरून हवा आत येणं, म्हणजे व्हॅक्यूमचा पाइप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट. थंडीत रबर आखडतं, फट पडते, गरम झालं की फट बुजते, त्यामुळे हा फार तगडा संशयित होता. मग पेट्रोलचं प्रेशर. रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरत असेल तर सकाळी त्रास होतो. आणि मग सेन्सर.

प्रेशरची तपासणी फुकटात होते. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक आवाज येतो. ऑफ करा, पुन्हा ऑन करा. असं दोन-तीन वेळा केलं की प्रेशर भरतं. मग गाडी चालू करा. यानंतर सकाळची थरथर गेली तर प्रेशर उतरतंय असं समजा. आमच्याकडे काही फरक पडला नाही. एक नाव कटलं.

आमच्या शेजारचे एक काका मात्र ठाम होते की हे सगळं ई-२० पेट्रोलमुळे. त्यांना व्हॉट्सॲपवर तसं आलं होतं. आता यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे थंडीत त्याचा थोडा परिणाम होऊ शकतो. पण त्याच काकांची गाडी आमच्याच मॉडेलची आहे, एका वर्षाने जुनी, आणि त्याच पंपावर पेट्रोल भरते. ती सकाळी पहिल्या सेल्फला लागते. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, 'माझं मेंटेनन्स चांगलं आहे.' बरं.

मग मी ऑनलाइन एक ओबीडी डोंगल मागवला. ब्लूटूथवाला, साडेसहाशे रुपयांचा. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात हा डोंगल बसवायचा, फोनशी जोडायचा, आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप उघडायचं. आयफोनवाल्यांनी लक्ष द्या. स्वस्तातले साधे ब्लूटूथ डोंगल आयफोनला चालत नाहीत, तुम्हाला ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला घ्यावा लागेल. नाहीतर घ्याल आणि मला शिव्या द्याल.

मला वाटायचं हे यंत्र फक्त एरर कोड वाचतं. पण खरी मजा कोडमध्ये नाही, लाइव्ह डेटामध्ये आहे. ईसीएमला त्या क्षणी काय काय 'वाटतंय', ते सगळं तुमच्या स्क्रीनवर येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्वेटर, कानटोपी घालून गाडीत बसलो. चावी ऑन केली, इंजिन चालू केलं नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत एक साधी गोष्ट खरी असायला हवी. बाहेरची हवा, इंजिनात जाणारी हवा आणि कूलंट, सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं. दोन-चार अंशांचा फरक चालेल. मी आकडे बघितले.

आत जाणारी हवा ९ अंश. कूलंट ५१ अंश.

मी बोनेट उघडून इंजिनला हात लावला. गारठलेलं. रात्री आठपासून गाडी जागेवरून हललेली नव्हती. आणि ईसीएमला वाटत होतं कूलंट ५१ अंशांवर आहे! मग तो जास्तीचं पेट्रोल कशाला देईल? त्याच्या दृष्टीने इंजिन अर्धं तापलेलं होतं. बिचारा आपलं काम बरोबर करत होता, त्याला माहितीच चुकीची मिळत होती. आणि एरर कोड का नाही, तेही कळलं. वायर तुटली किंवा पूर्ण शॉर्ट झाली तर ईसीएमला कळतं, कोड येतो. पण ५१ हा काही अशक्य आकडा नाही. आमच्या गाडीच्या ईसीएमने तो मुकाट्याने खरा मानला.

पण सेन्सर गेला की वायरिंग, हे ठरायचं होतं. इथे मला पिंपळगावातल्या एका वायरिंगवाल्या काकांनी मदत केली. त्यांचं दुकान म्हणजे एक टपरी आणि बाहेर तीन बॅटऱ्या. मी स्क्रीनशॉट दाखवला. ते म्हणाले, 'सेन्सरचा कनेक्टर काढ आणि परत बघ.' काढला. ॲपवर आकडा झाला उणे ४०. काका म्हणाले, 'वायर चांगली आहे. ईसीएम पण चांगला आहे. २२ हजार खिशात ठेव.'

याचं कारण सांगतो. हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रोध, रेझिस्टन्स. थंडीत रोध जास्त, गरमीत कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना साधारण सव्वादोन ते अडीच हजार ओहम, आणि ८० अंशांना फक्त तीनशेच्या आसपास. कनेक्टर काढला म्हणजे रोध अमर्याद, म्हणजे ईसीएमच्या हिशेबात प्रचंड थंडी. म्हणून उणे ४०. काही गाड्यांत ईसीएम अशा वेळी स्वतःचा ठरीव आकडा दाखवतो, तेव्हा गोंधळू नका. पण उणे ४० दिसला तर पुढची लाइन शाबूत आहे. वायर कुठे शॉर्ट असती तर कनेक्टर काढूनही आकडा गरमच राहिला असता.

मग काकांनी कनेक्टरमध्ये टॉर्च मारला. आत हिरवट ओल होती. कूलंट! सेन्सरच्या पोटातून कूलंट झिरपत झिरपत वर पिनांपर्यंत आला होता, आणि दोन पिनांच्या मध्ये त्याचा एक पूल तयार झाला होता. करंटला दुसरा रस्ता मिळाला. मल्टीमीटर लावला तर गार सेन्सर आठशे ओहमच्या आसपास दाखवत होता. तिथे साडेतीन हजारांच्या पुढे असायला हवं.

आणि आता हा भाग मला फार आवडतो. हा बिघाड फक्त थंडीतच का त्रास देतो? कारण दोन रस्ते असले की करंट सोप्या रस्त्याने जास्त जातो. थंड असताना सेन्सरचा रोध खूप, म्हणून ओलाव्याचा रस्ता वरचढ ठरतो आणि आकडा भलताच चुकतो, नऊचे ५१ होतात. इंजिन तापल्यावर सेन्सरचाच रोध इतका कमी होतो की ओलाव्याने फार फरक पडत नाही. ८५चे ९३ वगैरे दिसतात. म्हणजे दुपारी गाडी जवळपास खरं बोलते आणि पहाटे धडधडीत खोटं.

तो आठ अंशांचा फरकही एक खूण सोडून गेला होता. पप्पा महिनाभर म्हणत होते, 'एवढ्या थंडीत रेडिएटरचा पंखा सारखा का फिरतो रे?' आम्ही कोणी लक्ष दिलं नाही. मी तर म्हटलं होतं, 'पप्पा, चांगलंच आहे ना, गाडी गार राहते.' गॅरेजमध्येही कोणाला सांगितलं नाही, कारण आम्हाला ती वेगळी गोष्ट वाटली. तुमच्या गाडीत थंड इंजिनचा निळा दिवा असेल तर तीही एक खूण आहे. कडाक्याच्या थंडीत सकाळी तो दिवा लागायलाच हवा. नाही लागला, तर आधी बल्बवर आणि मग सेन्सरवर संशय घ्या.

नवा सेन्सर ७५० रुपयांना मिळाला. बसवायला वीस मिनिटं. पण हे करताना दोन गोष्टी पाळा, इथे मी चेष्टा करत नाही. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय सेन्सर किंवा रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. गरम कूलंट प्रेशरखाली असतो, तोंडावर उडाला तर भाजतं. आणि बंद पार्किंगमध्ये किंवा शटर लावून इंजिन चालू ठेवून तपासण्या करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

सेन्सर काढला की थोडा कूलंट सांडतो. नवा लगेच बसवायचा, वॉशर किंवा ओ-रिंग नवी घ्यायची, आणि पाना जोर लावून आवळायचा नाही, चुडी जाते. कनेक्टरही कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवला. तो तसाच ओला लावला असता तर नवा सेन्सरही खोटं बोलला असता. मग जेवढा सांडला तेवढा त्याच प्रकारचा कूलंट भरला, नळाचं पाणी नाही. सिस्टिममध्ये अडकलेली हवा काढली. ती राहिली तर सेन्सर कूलंटऐवजी हवेत लटकतो आणि पुन्हा भलतेच आकडे देतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कानटोपी. हवा १० अंश, कूलंट ११ अंश. सेल्फ मारला. काटा चौदाशेवर गेला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग हळूहळू खाली येत साडेसातशेला स्थिर झाला. डॅशबोर्डवर ठेवलेला माझा फोन एकदाही थरथरला नाही.

तुमच्या गाडीतही हेच निघेल असं अजिबात नाही. तुमचे दोन्ही आकडे जुळले तर सेन्सर सोडून द्या आणि पुढे जा. इंजिन गरम झाल्यावर ॲपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. तो आयडलला अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला बराच कमी होत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा येत असण्याची शक्यता मोठी. मग रबराचे पाइप हाताने वाकवून भेगा शोधा, इंजिन बंद ठेवून. थरथर एका ठरावीक लयीत असेल, धक्-धक् असा एक ठोका चुकल्यासारखा, तर एकच सिलिंडर काम करत नाहीये. तिथे प्लग, कॉइल, इंजेक्टर. आमची थरथर तशी नव्हती, सगळं इंजिन एकत्र कुडकुडल्यासारखं वाटायचं. ही खूण मला आधी कळली असती तर ती कॉइल बदलली नसती. डिझेलवाल्यांचं गणित वेगळं आहे, तिथे ग्लो प्लग येतात, त्यावर वेगळा एपिसोड करावा लागेल. आणि एफआय बाइकवाले, तुमच्याकडेही इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर असतो, फक्त सॉकेट कंपनीगणिक वेगळं असतं, त्यामुळे हा डोंगल थेट बसेलच असं नाही.

हिशेब विचाराल तर, वाया गेले साधारण सहा हजार. प्लग आणि थ्रॉटल बॉडी मी त्यात धरत नाही, ती कामं करायचीच होती. बरोबर दुरुस्तीचा खर्च झाला डोंगल, सेन्सर, कूलंट आणि काकांचे दोनशे धरून दोन हजारांच्या आत. काका शंभरच मागत होते.

आईला गाडी परत द्यायला मात्र आठवडा लागला. मी रोज सकाळी आकडे दाखवायचो, ती म्हणायची, 'छान आहे, पण मी एसटीने जाते.' तिचा गाडीवरचा विश्वास ७५० रुपयांत परत येणार नव्हता. शेवटी एका पहाटे मी शेजारी बसलो, आणि आम्ही ती चौफुली तीनदा ओलांडली. गेलो, वळलो, आलो, परत गेलो. तिसऱ्या वेळी तिने मधोमध मुद्दाम गाडी स्लो केली, इंजिनचा आवाज ऐकला, आणि मला म्हणाली, 'उतर आता, मला उशीर होतोय.' मी घरी चालत आलो.

तुम्ही उद्या सकाळी चावी ऑन करून तुमचे दोन आकडे बघा, हवा आणि कूलंट, इंजिन चालू करायच्या आधी. स्क्रीनशॉट काढून पाठवा, सोबत गाडी कोणत्या वर्षाची आहे आणि रात्री किती वाजता उभी केली होती तेही लिहा. ज्यांचे आकडे जुळत नाहीत, त्यांच्याशी पुढच्या भागात बोलू.